गोळ्या चालू आहेत, मग हा उठत का नाही?

गेल्या पावसाळ्यात एका दवाखान्यात अडीच तास रांगेत बसल्यावर माझ्या धाकट्या भावाचा नंबर लागला. डॉक्टरांनी विचारलं, ‘‘आवाज येतात अजून?’’ तो म्हणाला, ‘‘नाही.’’ ‘‘झोप लागते?’’ ‘‘लागते.’’ ‘‘गोळ्या?’’ ‘‘घेतो.’’ मागच्याच गोळ्या पुन्हा लिहून मिळाल्या आणि आम्ही बाहेर पडलो. त्याची तिन्ही उत्तरं खरी होती. घरी येऊन तो सोप्यात भिंतीला टेकून बसला, तो रात्रीच्या जेवणालाच उठला.

तो 34 वर्षांचा आहे. आयटीआय करून बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात लेथवर काम करायचा. बाविसाव्या वर्षी त्याला स्किझोफ्रेनिया झाला. आवाज आणि संशय थांबून आता चार वर्षं झाली. तरी अंघोळीला सांगावं लागतं, कपडे बदल म्हणावं लागतं, आणि गल्लीतून जाणाऱ्याने ‘‘काय करूलालास रे?’’ विचारलं की ‘‘काय न्हाई’’ एवढंच उत्तर येतं. लोक म्हणतात, बरा झालाय की आता, मग बसून का खातोय? काही वर्षं मीही हेच म्हणत होते, त्याच्या तोंडावर. ते चूक होतं. का चूक होतं, हे समजायला मला फार वेळ लागला. दुसऱ्या कुणाला तेवढा लागू नये म्हणून लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. एका सोसायटीत हिशेब लिहिते. बारा वर्षांत वाचून, विचारून आणि चुकून जे कळलं तेच इथे सांगते.

आधी आजाराबद्दल थोडक्यात. मराठीत याला छिन्नमनस्कता म्हणतात. स्विस डॉक्टर ऑयगेन ब्लॉयलर यांनी 1908 मध्ये ‘स्किझोफ्रेनिया’ हे नाव दिलं. विचार, भावना आणि कृती यांची एकमेकांशी असलेली सांगड सुटते, असं त्यांना सांगायचं होतं. एका शरीरात दोन माणसं राहतात असा त्याचा अर्थ लोक लावतात, तो या आजाराला लागू पडत नाही. जगात साधारण 300 माणसांमागे एकाला हा आजार असतो. 2011 च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या 48 लाखांच्या जवळपास होती. ढोबळ भागाकार केला तर या एका जिल्ह्यात पंधरा-सोळा हजार माणसं होतात. 2015-16 मध्ये बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसोपचार संस्थेने 12 राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात दिसलं की अशा गंभीर आजारांच्या चारपैकी तीन रुग्णांपर्यंत उपचार पोचलेलेच नाहीत. म्हणजे माझा भाऊ उपचार मिळालेल्या थोड्यांपैकी एक. त्याच्यापुढेही सोप्यातली भिंत उरलीच आहे.

या आजाराची लक्षणं तीन गठ्ठ्यांत मोडतात. पहिला गठ्ठा सगळ्यांना दिसतो: कुणी नसताना आवाज ऐकू येणं, कुणीतरी आपल्यावर पाळत ठेवतंय किंवा जेवणात काही घालतंय अशी पक्की खात्री, असंबद्ध बोलणं. यांना पॉझिटिव्ह लक्षणं म्हणतात. शब्दाने फसू नये. जे नसायला हवं ते आलं, म्हणून ते जमेच्या बाजूला. दुसरा गठ्ठा निगेटिव्ह लक्षणांचा, म्हणजे जे असायला हवं ते वजा झालं: इच्छा, उत्साह, बोलणं, चेहऱ्यावरचे भाव, माणसांची ओढ. तिसरा गठ्ठा लक्ष, स्मरण आणि आखणीचा. डोक्याचं काम मंदावतं आणि निसटायला लागतं.

आता कळीची गोष्ट. या आजारावरचं पहिलं परिणामकारक औषध, क्लोरप्रोमाझिन, 1952 च्या सुमारास वापरात आलं. तेव्हापासून आजपर्यंतची बहुतेक औषधं मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचा जोर कमी करतात आणि पहिल्या गठ्ठ्यावर चांगली चालतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या गठ्ठ्यावर त्यांचा उपयोग बराच कमी होतो. आणि माणूस नोकरी करील का, मैत्री ठेवील का, स्वतःचं स्वतः करील का, हे मुख्यतः याच दोन गठ्ठ्यांवर ठरतं. दवाखान्यात विचारलेले तिन्ही प्रश्न पहिल्या गठ्ठ्याभोवतीचे होते. भिंतीला टेकून बसणं त्या कागदावर कुठे उमटणार?

आळस नाही, तर काय?

आळशी माणसाला काम नको असतं, पण यात्रेला जायचं म्हटलं की तो पहाटे तयार असतो. माझ्या भावाला यात्रेलाही जावंसं वाटत नाही. तो शाळेत असताना मंगाईच्या यात्रेची आठवडाभर आधीपासून वाट बघायचा. आता नेलं तर येतो, आणि गंमत म्हणजे तिथे त्याला बरंही वाटतं.

हे कोडं मानसशास्त्रज्ञांनी बऱ्यापैकी उलगडलं आहे. सुखाचे दोन भाग असतात. एक, समोर आलेल्या गोष्टीचा आनंद. दुसरा, ती मिळणार आहे या विचाराचा आनंद. स्किझोफ्रेनियात पहिला भाग बराचसा शाबूत असतो, दुसरा खचतो. कुंदा पुढ्यात ठेवला तर भावाला त्याची चव तुमच्या-आमच्यासारखीच लागते. पण चौकात जाऊन कुंदा आणला तर खाताना छान वाटेल, ही कल्पना त्याच्या मनात ती चव उभी करत नाही, आणि जी गोष्ट मनात उभी राहत नाही तिच्यासाठी पाय उचलत नाहीत. आपण दिवसभर जे उठतो, चालतो, राबतो ते या पुढच्या चवीवरच. हे कळलं त्या दिवशी मी त्याला ‘‘मनावर घे’’ म्हणायचं सोडलं. मनावर घ्यायला जे लागतं तेच आजाराने नेलं आहे.

पण सगळ्या बसून राहण्याचं खापर आजारावर फोडून गप्प बसायचं नाही, कारण त्यातला बराच भाग हटवता येतो. काही औषधांनी दिवसभर गुंगी राहते. मग डॉक्टर रात्रीच्या एकाच वेळेला गोळी आणतात किंवा औषध बदलतात. काही औषधांनी अंग ताठरतं, हात थरथरतो, चेहरा मुखवट्यासारखा होतो, आणि घरच्यांना वाटतं हा खुळावला. त्यावरही इलाज आहे. कधी खाली नैराश्य असतं, त्याचे उपचार वेगळे. कधी आवाज अजून येत असतात, पण सांगितलं तर गोळ्या वाढवतील म्हणून माणूस ‘नाही’ म्हणतो आणि घाबरून कोपरा धरतो. आणि कधी दहा वर्षं कुणी काही विचारलेलंच नसतं, सांगितलेलंच नसतं, म्हणून बसायची सवय लागलेली असते. यातलं नेमकं काय आहे हे डॉक्टरांना दोन मिनिटांत कळणार नाही. घरच्यांनी आठवडाभर बघून, लिहून न्यावं लागतं. मी वही केली: किती वाजता उठला, कधी झोपला, कुणाशी बोलला, स्वतःहून काय केलं. पुढच्या खेपेला ती वही बघून डॉक्टरांनी पहिल्यांदाच एक गोळी बदलली.

तिसऱ्या गठ्ठ्याचं एकच उदाहरण देते. आईने सांगितलं, ‘‘शहापूरला जा, पिठाची गिरणी उघडी असली तर दळण टाक, नसली तर पुढे जाऊन पाव किलो चहापूड आण आणि येताना लाइटबिल भर.’’ आपल्याला हे एक काम वाटतं. त्यात चार कामं, एक ‘जर-तर’ आणि सुट्या पैशांचा हिशेब आहे. भाऊ गिरणीपाशी जाऊन बंद दार बघत उभा राहिला आणि परत आला. आई रडली, मी चिडले. आता आम्ही एका वेळी एकच गोष्ट सांगतो, चिठ्ठीवर लिहून देतो आणि नोटा मोजून देतो. गोळीने न सुटलेलं अडकणं चिठ्ठीने पुष्कळ सुटतं. डोक्याला व्यायाम देऊन लक्ष आणि स्मरण सुधारण्याच्या पद्धतीही आहेत, मोठ्या मानसोपचार केंद्रांत त्या शिकवतात. प्रत्यक्ष कामाशी जोडून शिकवल्या तर त्यांचा उपयोग जास्त होतो.

बरं वाटणं आणि जमणं

जीवनमान आणि कार्यक्षमता हे दोन शब्द या विषयात जोडीने येतात, पण ते वेगळे आहेत. कार्यक्षमता म्हणजे माणसाला काय जमतं. जीवनमान म्हणजे त्याला स्वतःला आपलं जगणं कसं वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेची 26 प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. तीत शरीर, मन, माणसांशी नाती आणि भोवतालची परिस्थिती अशा चार अंगांनी हे विचारतात. उत्तर रुग्णाने द्यायचं असतं, आईने किंवा बहिणीने नाही.

आणि उत्तरं नेहमी अपेक्षेप्रमाणे येत नाहीत. फार काही जमत नसलेला माणूस समाधानी असू शकतो. उलट, आपल्याला काय झालंय आणि आपलं काय हुकलंय हे ज्याला नीट कळतं, तो कधी कधी जास्त दुःखी असतो. म्हणून ‘त्याला जाणीव आली’ एवढ्यावर घरच्यांनी निश्चिंत होऊ नये. त्या काळात जीव द्यायचे विचारही येऊ शकतात, आणि ते सरळ विचारावेत. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत. मी भावाला एकदा विचारलं होतं, तुला सगळ्यात जास्त काय हवंय? मला वाटलं नोकरी किंवा लग्न म्हणेल. तो म्हणाला, ‘‘अक्का, माझ्याशी हळू आवाजात बोला.’’

घरातला आवाज

या हळू आवाजामागे साठ-सत्तर वर्षांचं संशोधन आहे. लंडनमधले समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन यांना 1950 च्या दशकात दिसलं की दवाखान्यातून सुटून आई-वडिलांकडे किंवा बायकोकडे गेलेले रुग्ण पुन्हा जास्त आजारी पडतात. भाड्याच्या खोलीत राहणारे त्या मानाने कमी. पुढच्या अभ्यासांत नेमकं काय टोचतं ते सापडलं: सततची टीका, राग आणि गुदमरवणारी काळजी. अशा घरात, समोरासमोर आठवड्याला 35 तासांपेक्षा जास्त वेळ गेला, तर आजार उलटण्याचा धोका आणखी वाढतो. 1987 मध्ये चंदीगडचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे असं वातावरण असलेली घरं लंडनपेक्षा बरीच कमी निघाली, साधारण चारात एक. आपल्याकडच्या मोठ्या कुटुंबाचा हा गुण मी मनापासून मानते. एक चिडला तर दुसरा समजून घेणारा असतो. आता मात्र आमच्या गावातही घरं तिघा-चौघांची झाली आहेत.

यावरून कुणी असं समजू नये की आजार घरच्यांमुळे होतो. तो मेंदूचा आजार आहे, अनुवंश आणि इतर अनेक गोष्टी त्यात असतात. घरामुळे फक्त पुढची वाट सोपी किंवा अवघड होते. टोमणे आमच्या घरातही होते, ते मी मारायचे. काळजीचा अतिरेक आईचा. ताटातला भात ती कालवून द्यायची, त्याला विहिरीकडे जाऊ द्यायची नाही, तीस वर्षांच्या मुलाचे केस विंचरायची. दोन्ही प्रेमातूनच होतं. तरी त्याच्या हातातलं उरलंसुरलं काम आम्ही दोघींनी काढून घेतलं होतं.

गोळ्यांबद्दल एवढंच सांगते की बरं वाटलं म्हणून त्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. अमेरिकेतल्या 1999 च्या एका अभ्यासात, पहिल्या झटक्यातून सावरलेल्यांनी औषध सोडलं की आजार उलटण्याची शक्यता जवळपास पाचपट झाली. प्रत्येक वेळी आजार उलटल्यावर माणूस आधीच्या पायरीवर परत येईलच असं नसतं. आमचा भाऊ दुसऱ्या वेळी कारखान्यातलं काम हरवून बसला. रोज गोळी घेणं जमत नसेल तर दोन ते चार आठवड्यांनी घ्यायची सुई असते. दोन औषधं नीट घेऊनही फरक नसेल तर क्लोझापिनबद्दल विचारावं. त्यात सुरुवातीचे 18 आठवडे दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं, म्हणून पुष्कळ जण टाळतात, पण ज्यांना दुसरं काही लागू पडत नाही त्यांच्यातल्या अनेकांना ते उभं करतं.

शरीराकडेही बघायला हवं. या आजाराची माणसं सरासरीने 10 ते 20 वर्षं आधी जातात, आणि त्यामागे हृदयविकार, मधुमेह यांसारखी साधी कारणं मोठ्या प्रमाणात असतात. काही गोळ्यांनी वजन आणि साखर वाढते, म्हणून वजन, रक्तदाब आणि साखर ठरावीक काळाने तपासून घ्यावी. निपाणी-चिकोडीकडचा पट्टा तंबाखूचा, त्यामुळे बिडीबद्दल मुद्दाम लिहिते: बिडी-सिगारेटच्या धुराने क्लोझापिन आणि ओलान्झापिन शरीरातून लवकर बाहेर पडतात. म्हणून बिडी सोडताना डॉक्टरांना आधी सांगावं, नाहीतर तीच गोळी अचानक जास्त होते.

काम, देव आणि कागद

काम हे औषधासारखंच आहे, फक्त ते मापाने द्यावं लागतं. 2014 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक भारतीय प्रयोग प्रसिद्ध झाला. त्याची ठिकाणं आपल्या शेजारचीच: सातारा आणि गोवा, शिवाय तमिळनाडू. 282 रुग्णांपैकी काहींना नेहमीचे दवाखान्यातले उपचार मिळाले. बाकीच्यांकडे त्याबरोबर गावातलेच शिकवून तयार केलेले कार्यकर्ते घरी जायचे, गोळ्या, आरोग्य, काम, नाती सगळ्यावर बोलायचे. वर्षाने या दुसऱ्या गटाची लक्षणं आणि अडचणी जास्त कमी झाल्या. फरक फार मोठा नव्हता, पण कार्यकर्ते मोठ्या पदव्यांचे नव्हते हे लक्षात घ्यावं. जे त्यांना शिकता आलं ते घरच्यांनाही शिकता येतं.

खेड्यात एक सोय आहे. रोप लावणीला, रताळ्याच्या वेली लावायला, जनावरं चारायला मुलाखत लागत नाही. हळू हात चालला तरी रांगेत जागा मिळते. कारखान्यात ते मिळत नाही. मी भावाला आधी थेट शेतावर पाठवायचे आणि दहा वाजता तो परत यायचा. मग काम लहान केलं. आमच्या एका म्हशीचं दूध सकाळी साडेसहाला डेअरीत घालायचं, बस्स. वेळ ठरलेली, रस्ता ठरलेला, आणि पलीकडे कुणीतरी वाट बघतंय. पहिला महिना मी बरोबर गेले. दुसरा महिना वडाच्या पारापर्यंत. तिसऱ्या महिन्यात तो एकटा जायला लागला. अधूनमधून तो उठतच नाही, तेव्हा कॅन मी घेऊन जाते आणि त्याबद्दल काही बोलत नाही.

देवाबद्दल. आजाराच्या पहिल्या वर्षी आई त्याला सौंदत्तीला यल्लम्माकडे घेऊन गेली, मायाक्का चिंचलीलाही नेलं. मी तिला अडवलं नाही. आईचा जीव तिथे थाऱ्यावर येतो आणि घरात शांतता आली तर त्याचाच फायदा. एकच अट घातली: गोळ्यांची पिशवी बरोबर न्यायची. जिथे गोळ्या बंद करायला सांगतात, मारतात किंवा बांधून ठेवतात तिथून उठून यावं. 2001 च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूतल्या एरवाडी इथे आग लागली तेव्हा साखळीने बांधलेल्या 28 मनोरुग्णांना पळता आलं नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीने बांधायला पूर्ण बंदी आहे.

याच कायद्यात सीमाभागातल्या माणसाने लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट आहे. आजार काय, उपचार काय, हे रुग्णाला त्याला समजेल अशा भाषेत सांगितलं जाणं हा त्याचा हक्क आहे. ‘कानात कुजबुज होते’, ‘डोकं बधिर झालंय’, ‘जीव उडालाय’ हे मोडक्या कन्नडमध्ये किंवा हिंदीत सांगताना सपाट होतं आणि शेवटी ‘झोप नाही’ एवढंच उरतं. संकोच न करता मराठी समजणारी नर्स किंवा कर्मचारी मागावा. कन्नड डॉक्टरांपैकी पुष्कळांना बेळगावात मराठी चांगलं कळतं, आणि ते आपलेपणाने बोलतातही, हा माझा अनुभव आहे. टेली-मानस या सरकारी सेवेचा 14416 हा फुकट नंबर आहे, त्यावर मराठीत आणि कन्नडमध्ये बोलता येतं. कर्नाटक सरकारच्या मनोचैतन्य कार्यक्रमात मंगळवारी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचारतज्ज्ञ येतात; जाण्याआधी चौकशी करावी. दाखल करावं लागलं तर धारवाडची जुनी मानसोपचार संस्था आहे. जिल्हा पातळीवर मानसिक आरोग्य कार्यक्रम चालवायचा नमुना देशाला मिळाला तोही याच राज्यातल्या बळ्ळारीतून, 1980 च्या दशकात.

दिव्यांग प्रमाणपत्राला पुष्कळ घरं बिचकतात, मुलीच्या सोयरिकीला अडचण होईल म्हणून. आम्हीही सहा वर्षं बिचकलो. 2016 च्या कायद्यात मानसिक आजार दिव्यांगत्वात धरला आहे आणि तो ‘आयडियाज’ नावाच्या भारतीय मापाने मोजतात. स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम या चार गोष्टींना प्रत्येकी 0 ते 4 गुण, शिवाय आजाराच्या वर्षांचे गुण, एकूण 20. बेरीज 7 किंवा जास्त आली तर दिव्यांगत्व 40 टक्के किंवा त्यापुढे धरतात आणि नोकरीतलं आरक्षण, आयकरातली सवलत यांचा रस्ता उघडतो. युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, देशभर चालतं, म्हणून उद्या कोल्हापूर-मिरजेकडे राहायला जावं लागलं तरी ते कामी येतं. राज्यांच्या योजना मात्र वेगवेगळ्या. तपासणीला जाताना ‘सगळं ठीक आहे’ म्हणू नये. लाज वाटून आपण जे झाकतो तेच तिथे मोजलं जातं.

आता दवाखान्यात जाताना वहीबरोबर मी तीन ओळी लिहून नेते: या महिन्यात त्याने स्वतःहून काय केलं, काय अडलं, आणि त्याला स्वतःला काय विचारायचंय. तिसरी ओळ तो सांगतो तशी लिहिते. कधी ती रिकामी असते. मागच्या वेळी त्याने लिहायला सांगितलं, ‘‘सकाळी साडेसहाला जाग यायला पाहिजे, तर रात्रीची गोळी किती वाजता घेऊ?’’

परवा तो डेअरीतून आला, कॅन मोरीत ठेवला आणि सोप्यात माझ्यासमोर उभा राहिला. मी काही विचारलं नव्हतं. ‘‘अक्का,’’ तो म्हणाला, ‘‘आज फॅट सहा पॉइंट आठ लागलं.’’